बसायची जागा

१९७८ च्या पावसाळ्यात माझा काका परळच्या एका इस्पितळात होता. डोळखांबहून पहाटेची एसटी, आसनगावला कसारा लोकल, दादरला उतरून पुढे पायी, असं करत बाबा, आई आणि मी दहाच्या सुमारास तिथं पोचलो. दारातला रखवालदार म्हणाला, ‘भेटायची वेळ चारची. चारला या.’ सहा तास होते आणि पाऊस धो धो कोसळत होता. मुंबईत आमचं ओळखीचं घर नव्हतं. काकाची जी खोली होती, तिथं रात्रपाळीचे लोक झोपलेले असणार, हे बाबांना ठाऊक होतं.

रस्त्याच्या कोपऱ्यावर एक इराण्याचं हॉटेल होतं. बाबांनी खिशातले पैसे मोजले आणि म्हणाले, ‘हितंच बसू.’ पोऱ्यानं पाण्याचे तीन ग्लास टेबलावर आपटले. ‘फॅमिली रूम’ असं लिहिलेल्या पडद्याआड त्यानं आम्हाला नेऊन बसवलं, कारण आई बरोबर होती. दोन चहा आणि तिघांत मिळून एक ब्रून मस्का. तेवढ्यावर आम्ही दुपारी पावणेचारपर्यंत बसून होतो. एकच्या सुमारास जेवणाची गर्दी झाली, तेव्हा आता उठवणार, असं वाटून बाबा उगाच सावरून बसले. गल्ल्यावरचा म्हातारा इराणी आत डोकावला. ‘पेशंट हाय काय?’ बाबा ‘हो’ म्हणाले. तो मान हलवून परत आपल्या वर्तमानपत्राकडे गेला. पोऱ्या येऊन ग्लास भरून गेला.

मुंबईतल्या हॉटेलांबद्दल बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा पहिल्यांदा हे सहा तास आठवले. चवीबद्दल बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते बसण्याबद्दल. एका चहाच्या पैशात माणसाला तासन् तास बसू देणारी दुकानं या महागड्या शहरात निघाली कशी, टिकली कशी, आणि आता ती एकेक करून उठतात ती का?

आधी शब्दाचा उलगडा करायला हवा. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपण मराठीत मुक्कामाच्या जागेला लॉज म्हणतो आणि हॉटेलात चहा पितो. डोळखांबच्या नाक्यावर पत्र्याखाली दोन बाकडी आणि एक स्टोव्ह असला, तरी ते हॉटेलच. आपल्या दृष्टीनं ते बरोबर आहे. घराबाहेर पडलेल्या माणसाला टेकायला जागा देतं, ते हॉटेल.

इराण्यांपासूनच सुरुवात करतो. पारशी हजार-बाराशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्याला लागले. हॉटेलवाले इराणी मात्र फार उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला आले. इराणातल्या यझ्द आणि केरमान या भागांतून, दुष्काळाला आणि जाचाला कंटाळून. बहुतेक झरथुष्ट्री, काही मुसलमान. भांडवल थोडं, भाषा येत नाही, जमीनजुमला नाही. अशा माणसाला चहा विकणं जमण्यासारखं होतं. धोबी तलावाचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनजवळचं मावा केकसाठी नावाजलेलं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलांवर जाऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. २०१९ मध्ये ते वारले, तेव्हा ज्यांनी त्यांच्याकडचा बेरी पुलाव एकदाच खाल्ला होता, अशांनीही हळहळ व्यक्त केली.

इराणी नेहमी कोपऱ्यावर का? हिंदू व्यापाऱ्यांना कोपऱ्याची जागा अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. असेलही. पण मला दुसरं कारण अधिक पटतं. कोपऱ्याला दोन रस्ते, म्हणजे दोन बाजूंनी गिऱ्हाईक, दोन बाजूंनी वारा आणि उजेड. शिवाय ट्रामची वाट बघणारा, नाक्यावर काम मिळेल म्हणून उभा राहणारा, कुणाला तरी भेटायचं ठरवून आलेला, असे सगळे कोपऱ्यावरच थांबतात. थांबलेल्या माणसाला चहा लागतो.

आत संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या आणि भिंतीला आरसे. संगमरवर शौकासाठी नव्हता. तो एका फडक्यात पुसला जातो आणि त्याला वास धरत नाही. आरशामुळं गल्ल्यावर बसल्या बसल्या मालकाला पाठीमागचं टेबलही दिसतं. पाव, बिस्किटं, खारी, नानकटाई हे स्वतःच्या नाहीतर शेजारच्या भट्टीतलं. बाहेरच्या बाजूला बरण्या मांडून साबण, ब्लेड, सुटी सिगारेट, डोकेदुखीची गोळी. चहावर फार सुटत नव्हतं, या बाकीच्या मालावर सुटत होतं. म्हणून चहावाल्या गिऱ्हाइकाला उठवायची घाई नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, तिची किंमत आमच्याकडच्या लोकांना अधिक कळते. इराणी जात विचारत नसे. गावाकडे ज्याला कपबशी वेगळी मिळे, चहा बाहेर उभं राहून प्यावा लागे, तो इथं आत येऊन खुर्चीवर बसे आणि त्याच कपातून पिई. पडद्याआडची फॅमिली रूम आज हास्यास्पद वाटते, पण त्या पडद्यामुळंच माझी आई आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात बसू शकली. डोळखांबच्या नाक्यावर चहाच्या बाकड्यावर बसायची तिची छाती त्या काळी झाली नसती.

इराण्याकडे पाट्या मात्र भरपूर. हे करू नका, ते करू नका. धोबी तलावच्या बस्तानी या हॉटेलातल्या अशाच सूचनांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविता केली होती. बस्तानी २००४ च्या सुमारास बंद झालं, पाटीही गेली. आमचे अरुण कोलटकर काळ्या घोड्याच्या वेसाइड इनमध्ये खिडकीपाशी बसत आणि समोरचा तिठा बघत. त्या बघण्यातून झालेलं ‘काळा घोडा पोएम्स’ २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच प्रसिद्ध झालं. तोवर वेसाइड इन उरलं नव्हतं. सांगायचा मुद्दा इतकाच की तिथं बसू दिलं, म्हणून बघणं झालं.

आता खानावळ. ही इराण्याहून वेगळी जात, आणि हिला पाटी नसे. परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा गिरणगाव. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेला गडी एकटा येई. बायकामुलं गावी. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण राहत, पाळीपाळीनं झोपत. खोलीवर गावकरी मंडळाचं नाव आणि खुंटीला ज्याची त्याची पिशवी. चूल पेटवायला तिथं जागाच नाही. मग त्याच चाळीतली एखादी बाई महिन्याच्या बोलीनं दहा-पंधरा जणांचं जेवण करी. ती खानावळवाली. पैसे पगाराच्या दिवशी, तोपर्यंत सगळं उधारीवर. गावी गेलात, आजारी पडलात, तर तितक्या दिवसांचे खाडे वजा.

खाडे वजा करायचा हा हिशेब वरवर साधा दिसतो. त्यातली गोम अशी की माणसांचं वाणसामान बाई वाण्याकडून उधारीवर उचलत असे, आणि वाणी खाडे धरत नसे. गडी पैसे न देता गावी गेला तर खड्डा तिच्या पदरात. गिरणीत संप झाला की गड्यांचा पगार बंद, पण ताट बंद करता येत नाही, कारण समोर बसलेला माणूस उपाशी उठवायचा कसा? सावकाराकडे तिचं मंगळसूत्र जाई. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि पुढं कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांच्या हे नजरेस आलं. संपात कामगाराला जगवते ती बाई कुठल्याच हिशेबात नाही. १९७५ मध्ये त्यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराऐवजी बँकेकडून लहान लहान कर्जं मिळवून दिली. ज्या बाईच्या नावावर भाड्याची पावतीसुद्धा नव्हती, तिला तिच्या स्वयंपाकाच्या भरवशावर कर्ज मिळालं. मुंबईच्या हॉटेलांच्या इतिहासात मी ही घटना सर्वात वरची धरतो. सजवलेल्या भिंतींची पुस्तकं निघतात, खानावळवालीचं नाव तिच्या गड्यांनाच ठाऊक असतं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सुरू झाला. दोन लाखांवर कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गडी गावी गेले ते गेले, त्यांच्याबरोबर शेकडो खानावळी विझल्या. माझा काका गिरणीत नव्हता, गोदीत हमाली करी, पण जेवायचा लालबागच्या एका बाईकडे. तिनं पुढं डबे सुरू केले, असं तो सांगे. डबे हातात देता येतात, पण डब्याबरोबर बसायला जागा मिळत नाही.

उडप्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. दक्षिण कन्नडातून आलेल्या या मंडळींनी माटुंग्यात बस्तान बसवलं. माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. बोर्डिंग म्हणजे इथंही मुक्काम नव्हे, पोटभर जेवण. मद्रासकडून आलेल्या एकट्या कारकुनांसाठी ते होतं, जशी गिरणीवाल्यांसाठी खानावळ. पुढं इडली-डोसा आणि राइस प्लेट घेऊन ते प्रत्येक स्टेशनबाहेर गेले. उडप्यानं बसण्याची रीत बदलली. इथं जेवण झपाझप, बिल बशीत बडीशेपेबरोबर, आणि अनोळखी माणूस तुमच्याच टेबलावर समोर येऊन बसणार. पहिल्यांदा संकोच वाटतो. मग तो सांबाराची वाटी पुढं सरकवतो आणि विचारतो, ‘कुठं राहता?’

दादरला मराठी माणसाची हॉटेलं आहेतच. मामा काणे १९१० पासून, आस्वाद १९८६ पासून. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये एक मानाचं बक्षीस मिळालं, तेव्हा मराठी माणसाला विलक्षण आनंद झाला. मिसळ चांगली आहे हे लंडननं सांगायला हवं होतं का, हा प्रश्न मी घरी विचारून पाहिला. कुणी उत्तर दिलं नाही. मिसळच मागवली.

आता ज्या दुकानाचं नाव रेडिओवर घ्यायचं की नाही, असा मला प्रश्न पडला होता, तिकडे वळतो. परमिट रूम. दर दोन गल्ल्यांआड दारावर ही पाटी दिसते आणि आपण ती इतक्या वेळा वाचतो की तिचा अर्थ विचारायचं राहून जातं. कसलं परमिट? दारू पिण्याचं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. गृहखातं सांभाळणारे मोरारजी देसाई त्याबाबत अतिशय कडक होते. ज्याला प्रकृतीच्या कारणानं दारू लागते असं डॉक्टर लिहून देईल, त्यालाच परवाना. म्हणजे सरकारी कागदावर पिणारा प्रत्येक जण आजारी. बाकीचे पीत नव्हते असं थोडंच? ते आंटीच्या अड्ड्यावर जात. गोव्याकडच्या किंवा वसईच्या एखाद्या ख्रिस्ती बाईच्या घरातली बाहेरची खोली, चार स्टुलं, उकडलेली अंडी, आणि पोलिसाचा हप्ता. हातभट्टीनं माणसं मरत ती वेगळीच.

१९६० च्या दशकात बंदी सैल केली गेली, पण कायदा काढला नाही. आजही महाराष्ट्रात पिणाऱ्यानं परवाना बाळगायचा असतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. बिअर आणि वाइनला वय एकवीस पूर्ण, कडक दारूला पंचवीस. परवानाधारकांनी बसायची वेगळी खोली म्हणून परमिट रूम. त्या खोलीला काळी काच, जाड पडदा आणि मिणमिणता लाल-निळा उजेड का असतो, याचंही कारण मला यातच दिसतं. शेजारच्या टेबलावर आपल्या शाळेचे हेडमास्तर बसलेले असले, तरी दोघांनाही एकमेकांना ओळखायची गरज पडू नये. ज्या गोष्टीची शहराला चोरी वाटते ती अंधारात होते. इराण्याकडे आरसे होते आणि उजेड होता. परमिट रूममध्ये तुमच्या समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि तिथं आईला घेऊन जाता येत नाही.

सगळीच अशी नाहीत, हे कबूल. कुलाब्यातलं मोंडेगार तर उजेडाचंच आहे, भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं. पलीकडचं लिओपोल्ड २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांच्या गोळ्यांना सामोरं गेलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा उघडलं. भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा तिथं तशाच ठेवल्या आहेत. पण ही झाली परदेशी पाहुण्यांची ठिकाणं. मोहल्ल्यातला बार म्हणजे खारे दाणे, उकडलेले चणे, कोपऱ्यातला बंद आवाजाचा टीव्ही आणि ‘नाइंटी’ मागवून साडेनऊची गाडी गाठणारा माणूस.

एक गंमत सांगतो. ‘वाइन शॉप’ आणि ‘वाइन बार’ या पाट्या आपल्याकडे पन्नास वर्षं आहेत, पण या दुकानांत वाइन मागणारा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला. त्याआधी वाइन हा दारूचा सभ्य पर्याय-शब्द होता, जसं मरणाला आपण ‘देवाघरी गेले’ म्हणतो. खरी द्राक्षाची वाइन आली ती कसारा घाटाच्या वरून, नाशिकहून. सुला २००० च्या सुमारास सुरू झाली, २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. ती किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. निर्णय अमलात आलाच नाही.

घाटाखालच्या आम्हा लोकांना या गदारोळात एक जुनी गोष्ट आठवते. आमच्या शहापूर-मुरबाडच्या रानात मोहाची झाडं आहेत. चैतात फुलं गळतात, ठाकर-कातकऱ्यांच्या बाया पहाटे वेचतात. भाकरीत घालतात, वाळवून ठेवतात, आणि दारूही काढतात, हे लपवण्यात अर्थ नाही. इंग्रज सरकारला दारूवरचा कर हवा होता. म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांचाच कायदा झाला आणि ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत फुलं वेचण्या-साठवण्यावर बंधनं आली. फुलांवरची बंधनं महाराष्ट्रानं उठवली ती २०२१ मध्ये. त्याच १८९२ साली आमच्याच तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला सुरू झालं. एकाच वर्षी आमच्या रानाचं फूल बंद झालं आणि आमच्या रानाचं पाणी शहराला गेलं. मी यात कुठला कट बघत नाही. नोंद मात्र करून ठेवतो.

दारूबद्दल बोलताना मी हसून पुढं जाऊ शकत नाही. काकाच्या गोदीतल्या पगाराचा मोठा भाग खानावळीच्या वाटेवरच्या एका देशी बारमध्ये राही. त्या पावसाळ्यात तो इस्पितळात होता, तोही त्यामुळंच. काकू गावी वाट बघे. मनिऑर्डर येई ती अधूनमधून, आणि तिच्यावरचा आकडा बघून ती काही बोलत नसे. पुढं कायद्यानं बायकांना एक हत्यार दिलं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक मतदार महिलांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर तिथलं दुकान बंद होतं. काकूच्या वेळी हे असतं, तर ती पहिल्या रांगेत उभी राहिली असती. म्हणून मोहल्ल्यातल्या बारविषयी लोक प्रेमानं लिहितात तेव्हा मी ते वाचतो, मला ते समजतंही, पण त्या टेबलाची दुसरी बाजू डोळखांबला होती.

आता पाण्याच्या ग्लासाकडे येतो. तुम्ही मागवण्याआधी मुंबईच्या हॉटेलात जे पहिल्यांदा टेबलावर येतं आणि ज्याचे पैसे लागत नाहीत, ते पाणी. ते येतं कुठून? तानसा, वैतरणा, भातसा. एकट्या भातशातून मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी येतं, आणि भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मार्च सरला की त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर लागतो, विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरतात. १९७८ साली ‘फॅमिली रूम’मध्ये त्या पोऱ्यानं भरलेला ग्लास बघून आई म्हणाली होती, ‘किती सांडतात रे.’ तेव्हा ते आपलंच पाणी आहे, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आणि तो पोऱ्या. तो माझ्याच वयाचा होता, अकरा-बारा वर्षांचा. मी खुर्चीत होतो आणि तो फडकं घेऊन उभा होता. एका चहावर सहा तास बसणं परवडायला मालकाला जे लागत होतं, त्यात त्या पोराची मजुरी होती. रात्री तो टेबलं जोडून त्यावरच झोपत असणार. कन्नड मुलुखातून आलेली असली पोरं रात्रशाळेत शिकून पुढं स्वतःची हॉटेलं काढून शेठ झाली, हे खरं आहे. ज्यांचं काहीच झालं नाही, ती संख्येनं जास्त असणार, हेही उघड आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि ढाब्यांवर कामाला ठेवायची बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून आली. उशिरा आली, पण आली. त्यानं चहा महाग झाला असेल तर होऊ दे.

पोराच्या मजुरीखेरीज आणखी एका गोष्टीवर ही हॉटेलं उभी होती, ती म्हणजे भाडं. १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा. त्याच्या पूर्ण नावातच ‘हॉटेल आणि निवासगृह दर’ असे शब्द होते. त्या कायद्यानं जुन्या जागांची भाडी जवळपास गोठली. चौकातला मोठा गाळा, पण भाडं आजोबांच्या वेळचं. म्हणून चार माणसांच्या टेबलावर एक माणूस एका चहावर अर्धा दिवस बसला, तरी हॉटेल बुडत नव्हतं. घरमालक मात्र बुडत होता. त्याला भाड्यात दुरुस्तीचाही खर्च निघेना, म्हणून तो इमारतीला हात लावेना, आणि इमारती पावसाळ्यात टेकू लावून उभ्या राहू लागल्या. १९९९ च्या नव्या कायद्यानं, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पागडीला उघड मान्यता दिली. आता भाडेकरूचा हक्क विकून मोठी रक्कम घेता येते, राजरोस. साठी उलटलेल्या इराण्याचा मुलगा कॅनडात, पहाटे चारला भट्टी पेटवायला माणूस मिळत नाही, आणि समोर गाळ्यासाठी पैसे घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक. त्यानं चहाच विकत बसावं, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? जुनी इमारत पाडून टॉवर झाला की तळमजल्याला गाळा मिळतो, पण पुढचा खर्च नव्या हिशेबानं.

बाकीचे धक्के तुम्हाला ठाऊक आहेत. जहांगीर कलादालनातलं समोवार १९६४ पासून होतं, ते २०१५ मध्ये उठलं. हमरस्त्यापासून पाचशे मीटरच्या आत दारू विकू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०१७ पासून लागू झाला, तेव्हा आमच्या नाशिक रस्त्यावरचे बार रातोरात अंधारले. पुढं शहरी हद्दींना त्यातून सूट मिळाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एकत्र बसणंच गुन्हा ठरलं. काही शटर त्यानंतर वर गेलीच नाहीत. त्यांच्या जागी कॉफीची चकचकीत दुकानं आली. तिथंही तासन् तास बसू देतात, मान्य आहे. गार हवा, मऊ खुर्ची, कुणी उठवत नाही. फक्त कॉफी दोन-अडीचशेची. आमच्या बाबांनी काचेतून आत बघितलं असतं आणि पावसातच उभे राहिले असते.

गेल्या पावसाळ्यात पुतणीला तपासायला परळला नेलं होतं. नंबर दुपारचा लागला. मी सवयीनं तो कोपरा शोधत गेलो. तिथं आता औषधांचं दुकान आहे, आत उभं राहायलाच जेमतेम जागा. दोन गल्ल्या पलीकडे एक उडपी दिसला. दुपारचे बारा वाजायला आले होते, ‘राइस प्लेट’ची पाटी लागली होती, म्हणजे नुसत्या चहाला नाही म्हणतील, अशी धाकधूक होती. वेटर आला. ‘पाणी बिसलेरी की साधं?’

‘साधं,’ मी म्हटलं. ‘आणि दोन चहा.’

त्यानं एकदा पुतणीच्या हातातल्या फायलीकडे बघितलं, आम्हाला आतल्या भिंतीकडच्या टेबलावर जायला सांगितलं आणि दोन ग्लास आणून ठेवले. ‘कुठून आलात?’ डोळखांब म्हटल्यावर त्याला काही उमगलं नाही. ‘शहापूरच्या पुढं. भातसा धरण आहे ना, तिकडं.’ त्याला भातसाही माहीत नव्हतं. तो उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला होता, मुंबईत येऊन आठ महिने झाले होते. पावणेतीनला आम्ही उठलो. मधल्या वेळात त्यानं चार वेळा ग्लास भरले होते आणि पुतणीनं दर वेळी ते संपवले होते.